सांधा झिजतो म्हणजे काय होते?



काल या व्यासपीठावरून संतवाङ्मयाविषयी बोलणे झाले, उद्या अर्थकारणाविषयी व्हावयाचे आहे. मधल्या दिवशी गुडघ्यासारख्या सामान्य अवयवावर तासभर बोलावे की नाही, असा संकोच आम्हांला वाटत होता. परंतु आत शिरताना जे पाहिले त्याने तो गेला. पुढे अंथरलेल्या सतरंज्या जवळजवळ रिकाम्या आहेत आणि मागे खुर्च्यांसाठी दाटी झाली आहे. आमच्या लहानपणी अशा सभेत खुर्च्या असत त्या अध्यक्षांना आणि वक्त्यांना. बाकी सारा गाव मांडी ठोकून बसे. आज जे सतरंजी नको म्हणतात त्यांना बसण्याची भीती नाही, उठण्याची आहे. तेव्हा विषय श्रोत्यांना अगदीच परका नाही, एवढे समाधान मानून आरंभ करतो.

आमच्याकडे गुडघा दाखवावयास येणारा गृहस्थ बहुधा निदान घरूनच करून आणतो. कोणी म्हणतो, 'वाटी घासली'. कोणी म्हणतो, 'गादी गेली'. आणि दहांपैकी सहा जण सांगतात, 'डॉक्टर, वंगण संपलं.' हे बोलणे अडाणीपणाचे आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्यात बरेच तथ्य आहे. अडचण आहे ती त्यातून निघणाऱ्या पुढच्या अनुमानाची. जी वस्तू घासते ती जितकी कमी वापरावी तितकी अधिक टिकते. म्हणून तो गृहस्थ आधी जिना सोडतो, मग देवळात जाणे सोडतो, मग भाजी आणणे सुनेकडे जाते आणि शेवटी गॅलरीतली खुर्ची हेच त्याचे जग होऊन बसते. हा तर्क वहाणेला लागू आहे, जात्याच्या पाळीला लागू आहे. सांध्याला मात्र तो लागू नाही, एवढेच आज सांगावयाचे आहे. हा तर्क एके काळी आम्हीही करीत होतो, आणि त्याची किंमत आमच्या घरातल्या एका माणसाने दिली.

१९८८ सालची गोष्ट. आम्ही नुकतीच पाटी लावली होती. आमची आत्या नदीकाठच्या गावी राहत असे. बासष्ट वर्षांची होती, आणि रोज पहाटे घाटाच्या पायऱ्या उतरून नदीवर जाण्याचा तिचा नेम होता. गुडघे दुखू लागले म्हणून तिला आमच्याकडे आणले. आम्ही फोटो काढला, तो उजेडासमोर धरला, आणि नव्या डॉक्टरला शोभेल अशा गांभीर्याने सांगितले, 'आत्या, पायऱ्या आता बंद. जितकं कमी चालशील तितका गुडघा टिकेल.' भाचा डॉक्टर, त्याचा शब्द तिने तंतोतंत पाळला. सहा महिन्यांनी आम्ही गावी गेलो तो ती खाटेवर होती. मांड्या वाळून काठीसारख्या झाल्या होत्या, गुडघे पुरते सरळ होत नव्हते, उठवावयास दोघे लागत होते. आणि दुखणे म्हणाल तर तसूभरही कमी झाले नव्हते. त्यानंतर ती अकरा वर्षे जगली. घाट तिने पुन्हा पाहिला नाही. तिने आम्हांला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरे वाटले असते.

आमची चूक कोठे झाली हे समजण्यासाठी सांध्याच्या आत डोकावले पाहिजे.

आपल्या शरीरातील सगळेच सांधे हलत नाहीत. कवटीची हाडे एकमेकांत शिवल्यासारखी बसलेली असतात. आपला विषय आहे तो मोकळेपणाने हलणाऱ्या सांध्यांचा, म्हणजे गुडघा, खुबा, खांदा, कोपर, बोटांची पेरे यांचा. या सर्वांची रचना मुळात एकच. दोन हाडांची टोके समोरासमोर येतात, पण हाड हाडाला लागत नाही. प्रत्येक टोकावर पांढुरक्या, निळसर झाक असलेल्या, चकचकीत पदार्थाचा लेप असतो. हीच कूर्चा. दोन्ही टोकांभोवती चिवट तंतूंची पिशवी असते आणि तिला आतून एक पातळ, रक्तवाहिन्यांनी भरलेले अस्तर असते. हे अस्तर एक चिकट द्रव पाझरते. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस नावाच्या स्विस वैद्याने त्याला जे नाव दिले त्यात अंड्याचा अर्थ दडला आहे असे मानतात, कारण तो दिसतो अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा. आपण त्याला संधिद्रव म्हणू. निरोगी गुडघ्यात तो किती असावा? चहाचा एक चमचाही भरणार नाही इतका. 'वंगण संपलं' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. ते मुळात कधी वाटीभर नव्हतेच. उलट दुखणारा गुडघा सुजतो तेव्हा त्यात हा द्रव कमी नव्हे, जास्त झालेला असतो. मात्र तो पातळ आणि निकस असतो.

आपल्याकडे सुश्रुताने सांध्याला गाडीच्या चाकाची उपमा दिली आहे. आखाला तेल घातले म्हणजे चाक जसे नीट फिरते, तसे श्लेष्म्याने माखलेले सांधे नीट चालतात, असा त्याचा आशय. ज्यांनी बैलगाडी पाहिली आहे त्यांना ही उपमा ताबडतोब पटते. वंगण न घातलेल्या गाडीची करकर अर्ध्या मैलावरून ऐकू येई. उपमा उत्तम आहे, पण प्रत्येक उपमेची एक हद्द असते. आख निर्जीव आहे. गाडी वर्षभर गोठ्यामागे उभी राहिली तरी आखाची उपासमार होत नाही. सांध्याची होते.

ती का होते? कूर्चेत रक्तवाहिनी नाही. मज्जातंतूही नाही. शरीरातील बहुतेक पेशींना रक्ताचा पुरवठा अगदी दाराशी असतो. कूर्चेतल्या पेशींना तो नाही. या पेशी संख्येनेही थोड्या, साऱ्या कूर्चेच्या आकारमानात शेकडा पाचांहूनही कमी भरतील इतक्या. मोठ्या वाड्यात एखादे म्हातारे जोडपे राहावे तशा त्या एकेकट्या पडलेल्या असतात. बाकी सारा वाडा पाण्याचा. कूर्चेच्या वजनात साधारणपणे शेकडा पासष्ट ते ऐंशी भाग पाणीच असते.

जो पदार्थ तीन चतुर्थांश पाणी आहे त्याने माणसाचे वजन कसे पेलावे, असा प्रश्न कोणालाही पडेल. उन्हाळा आहे, घरोघरी सरबतात सब्जा पडत असेल, तेव्हा सब्जाचेच उदाहरण घेऊ. सब्जाचे बी पाण्यात टाकले की फुगते. आता तेच बी चिवट कापडाच्या पुरचुंडीत गच्च बांधून पाण्यात टाकले तर काय होईल? बी फुगू पाहील, कापड फुगू देणार नाही, आणि ती पुरचुंडी दगडासारखी टणक होईल. कूर्चेची युक्ती हीच आहे. तिच्यात कोलाजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू असतात, ते कापड. त्यांच्या जाळ्यात साखर आणि प्रथिने यांचे मोठमोठे रेणू कोंबलेले असतात, तो सब्जा. या रेणूंवर ऋण विद्युद्भार असतो, त्यामुळे ते क्षार आणि त्यांच्या मागोमाग पाणी ओढून घेतात. भार पडला की पाणी बाहेर पडू पाहते, पण जाळीची छिद्रे इतकी सूक्ष्म की ते चटकन निसटू शकत नाही. म्हणून सुरुवातीचा बहुतेक भार अडकलेले पाणीच उचलते. भार उठला की पाणी परत आत ओढले जाते.

हे केवळ अनुमान नव्हे. काही निरोगी माणसांना पन्नास उठाबशा काढावयास लावून त्यांच्या गुडघ्यांची चुंबकीय चित्रे घेण्यात आली. वाटीमागची कूर्चा सरासरीने शेकडा सहाच्या आसपास आकसलेली दिसली, आणि पूर्ववत होण्यास तिला दीड तासाहून अधिक वेळ लागला. शाळेत मास्तरांनी काढावयास लावलेल्या उठाबशांचा असाही उपयोग होत होता, हे तेव्हा कळले असते तर आम्ही त्या अधिक आनंदाने काढल्या असत्या!

या दाबण्या-सुटण्यातच कूर्चेचे अन्न आहे. अस्तरातील रक्तातून अन्नरस संधिद्रवात उतरतो आणि संधिद्रवातून कूर्चेत मुरतो. साखरेसारखे छोटे रेणू आपोआप मुरतात, मोठ्यांना मात्र या हालचालीचा धक्का लागतो. आणि द्रव ढवळला गेला नाही तर जवळचे अन्न संपून दूरचे पोहोचत नाही. पूर्वी आम्हांला शिकविले गेले ते एवढेच, स्पंज दाबावा आणि सोडावा तसे. अलीकडच्या संशोधनाने त्यात मोठी भर घातली. कूर्चेतल्या पेशींना भार कळतो. ठरावीक लयीने भार येत-जात राहिला तर त्या नवे रेणू विणतात, म्हणजे पुरचुंडीत नवा सब्जा भरतात. भार नाहीसा झाला तर त्या हे काम मंद करतात. ज्यांच्या मज्जारज्जूला इजा होऊन पाय लुळे पडले, अशा रुग्णांच्या गुडघ्यांतील कूर्चा पहिल्या वर्षातच पातळ झालेली आढळते. त्या गुडघ्यांवरून एक पाऊलही चाललेले नसते. झीज झाली म्हणावी तर घासणारे होते कोण?

आता आम्हांला दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर आम्ही एका टोकाचे खोटे सोडून दुसऱ्या टोकाचे सांगत आहोत असे होईल. १७४३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे विल्यम हंटर या पंचवीस वर्षांच्या तरुणाने कूर्चेवर एक निबंध वाचला. कूर्चा एकदा नष्ट झाली की ती भरून येत नाही, असे त्याने त्यात स्वच्छ नोंदविले. पावणेतीनशे वर्षे होऊन गेली तरी हे वाक्य फारसे खोडता आलेले नाही. आणि त्याचे कारण मोठ्या विलक्षण मार्गाने आपल्या हाती आले. १९५५ ते १९६३ या काळात बड्या राष्ट्रांनी उघड्या वातावरणात अणुबाँबचे जे स्फोट केले त्यांमुळे हवेतील किरणोत्सारी कार्बन जवळजवळ दुप्पट झाला, आणि स्फोट थांबल्यावर हळूहळू उतरत गेला. तो झाडांत गेला, धान्यात गेला, माणसांत गेला. त्यामुळे शरीराचा कोणता भाग कोणत्या साली घडला याची जणू तारीखच पडून राहिली. डेन्मार्कमधील संशोधकांनी गुडघ्यांच्या कूर्चेतील तंतूंवर ही तारीख वाचली आणि २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला: वाढीच्या वयात विणलेले कोलाजेनचे जाळे पुढे जन्मभर बदलत नाही. म्हणजे इथे बसलेल्या प्रत्येकाच्या गुडघ्यात शाळकरी वयात खाल्लेल्या भाकरीचे तंतू आहेत. कापड तेच, फाटले तर नवे मिळणार नाही. आतला सब्जा मात्र हयातभर नवा भरता येतो, आणि भरणारे कारागीर काम मिळाले तरच जागे राहतात. आत्याला आम्ही कापड जपावयास सांगितले आणि कारागिरांना घरी बसविले.

हे कापड किती गुणाचे आहे, याची कल्पना एका इंग्रज शस्त्रवैद्याच्या हकिगतीवरून येईल. जॉन चार्नली याच्याकडे एक रुग्ण आला. त्याच्या खुब्यात प्लॅस्टिकचे कृत्रिम टोक बसविलेले होते, आणि तो जेवणाच्या टेबलावर मिठासाठी पुढे वाकला की ते असे किंचाळे की त्याची बायको त्याच्याबरोबर बसणे टाळू लागली. चार्नलीने घर्षणाचा अभ्यास सुरू केला. नैसर्गिक सांध्यातील घर्षण बर्फावर सरकणाऱ्या बर्फाहूनही कमी, तेव्हा त्याने तेव्हाचा सर्वांत गुळगुळीत पदार्थ घेतला, टेफ्लॉन. १९५८पासून त्याने सुमारे तीनशे रुग्णांना टेफ्लॉनच्या वाट्या बसविल्या. सुरुवातीस सारे खूश. दोन-तीन वर्षांत त्या वाट्या झिजल्या आणि झिजलेल्या भुकटीने आसपासच्या मांसात गाठी केल्या. चार्नलीने ती भुकटी स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन पाहिली, तिथेही गाठ आली. रुग्णांना त्याने पुन्हा बोलावून स्वतःच्या हाताने दुरुस्त केले. नोव्हेंबर १९६२मध्ये त्याने पॉलिएथिलीनची वाटी वापरली आणि तिथून आजची सांधेबदलाची शस्त्रक्रिया उभी राहिली. आपल्यापैकी काहींनी ती करून घेतली असेल. गुडघा पार कामातून गेला असेल तर ती जरूर करावी. सांगावयाचे एवढेच की माणसाने शोधलेला सर्वांत गुळगुळीत पदार्थ तीन वर्षे टिकला नाही, आणि ही दोन ते चार मिलिमीटर जाडीची पाणथळ कूर्चा सत्तर-ऐंशी वर्षे चालते.

ती किती ओझे वाहते तेही मोजले गेले आहे. बर्लिनमधील संशोधकांनी कृत्रिम गुडघ्यांत भारमापक बसवून घेतलेली मोजमापे २०१० साली प्रसिद्ध झाली. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट, जिना उतरताना साडेतीन पट भार येतो. आणि खुर्चीवरून उठतानाही जवळजवळ चालण्याइतकाच. खुर्चीत बसणाऱ्याची ओझ्यातून सुटका नाही, फक्त लयीतून आहे. वजनाविषयीही इथेच सांगून टाकतो: अमेरिकेतील एका पाहणीत एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो असे आढळले.

मग झिजणे म्हणजे काय, हा प्रश्न उरतोच. जुन्या गुडघ्याचे दुखणे ही निव्वळ घासाघीस नव्हे. त्यात पेशींचे बिघडलेले काम आहे, अस्तराचा मंद दाह आहे, खालच्या हाडातील बदल आहेत, स्नायूंचा अशक्तपणा आहे. स्थूल माणसांत हाताच्या बोटांच्या सांध्यांनाही हा रोग अधिक आढळतो. आता बोटांवरून तर कोणी चालत नाही! आणि कूर्चेत मज्जातंतू नसल्यामुळे ती स्वतः दुखूच शकत नाही. दुखते ते आसपासचे. म्हणून फोटो आणि दुखणे यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही. फोटोत दोन हाडांमध्ये जी काळी फट दिसते ती खरे पाहता कूर्चेची जागा. क्ष-किरणांना कूर्चा दिसत नाही. फट अरुंद झालेले कित्येक जण आरामात गड चढतात, आणि चांगली फट असलेले विव्हळतात. आम्ही आत्याचा फोटो पाहिला, आत्याकडे पाहिले नाही.

लोक विचारतात, बोटे मोडली तर सांधे झिजतात का? नातवंडाची दृष्ट काढताना आजी कानशिलावर कडाकडा बोटे मोडते, तिलाही ही शंका येत असेल. तो आवाज हाडांचा नव्हे. सांधा ताणला की संधिद्रवात वायूची पोकळी तयार होते, हे २०१५ साली चुंबकीय चित्रांत पाहण्यात आले. डोनाल्ड उंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टराने साठ वर्षे केवळ डाव्या हाताची बोटे मोडली आणि उजवा हात तुलनेसाठी राखला. दोन्ही हात सारखेच निरोगी राहिले. इतका सोशिक संशोधक आम्ही दुसरा पाहिला नाही.

धावणाऱ्यांविषयीही असेच. २०१७ साली अनेक पाहण्या एकत्र करून पाहिले तेव्हा हौसेने धावणाऱ्यांत गुडघ्याचा वा खुब्याचा हा रोग शंभरांत तीन-चार जणांना, बैठे जीवन जगणाऱ्यांत दहांना आणि शर्यतीच्या धावपटूंत तेरांना आढळला. ज्यांचे गुडघे मुळात बरे तेच धावतात, हा आक्षेप इथे घेता येतो आणि तो रास्त आहे. तरीही धावल्याने गुडघे संपतात या म्हणण्याला आधार राहत नाही. शेवटचा आकडाही विसरू नये. अतिरेकाला शरीर क्षमा करीत नाही. दिवसभर उकिडवे बसून खुरपणी करणाऱ्या बाईला किंवा पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालाला आमच्या या व्याख्यानाचा उपयोग नाही. अशा कामांत गुडघे लवकर बिघडतात हे सिद्ध आहे, आणि त्यांना हवी आहे ती विश्रांती, जी देणे डॉक्टरच्या हाती नाही. आमचे बोलणे आहे ते खुर्च्यांवर बसलेल्यांशी.

वंगणाच्या इंजेक्शनांविषयी विचारणा होणार हे ठाऊक आहे. आजवरच्या मोठ्या पाहण्यांत त्यांचा फायदा इतका थोडा दिसला की आम्ही तरी त्यासाठी कोणाला दागिना मोडावयास सांगणार नाही. कूर्चा वाढविण्याच्या गोळ्यांचेही तेच. चालण्याने आणि मांडीचे स्नायू बळकट करण्याने कूर्चा नवी उगवते असे नाही, पण दुखणे उतरते आणि माणूस हिंडता राहतो, याला चांगला पुरावा आहे. सपाट जागेवर रोज चालावे; खुर्चीवर बसून एक पाय सरळ करावा, दहा अंक मोजावे, खाली ठेवावा, मग दुसरा. थोडे दुखले म्हणून घाबरू नये. दुसऱ्या दिवशीपर्यंत ठणकत राहिले तर आदल्या दिवशी जास्त झाले असे समजावे. सांधा लाल व गरम झाला, ताप आला किंवा गुडघा एकाएकी अडकून बसला तर मात्र चालू नये, डॉक्टरांकडे जावे. आणि काठी धरावयाची ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. आत येताना आम्ही पाच काठ्या पाहिल्या, त्यांतल्या तीन चुकीच्या हातात होत्या.

तास होत आला. एवढा वेळ एकाच स्थितीत बसल्यावर उठताना पहिली काही पावले जड जातील. ती आखडण थोड्या चालण्याने सुटते. आता आभारप्रदर्शन व्हावयाचे आहे. चालकांची हरकत नसेल तर ते सर्वांनी उभ्याने ऐकावे.